उकिरड्याची बारा वर्षे

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी ती नोकरी न लागलेल्या मुलांना आणि लग्न न जमलेल्या मुलींना धीर देण्यासाठी वापरली जाई. उकिरड्याविषयी त्यात काही सांगितले आहे, असे कुणाच्या मनात येत नसे. माझ्याही आले नव्हते. पुढे बँकेत लागलो, आंबेगाव तालुक्यात बदली झाली आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत एका वृद्ध शेतकऱ्याने मला उकिरडा म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्या वेळी मी ते ऐकले नाही. आज चाळीस वर्षांनी त्याचे ऐकायला बसलो आहे.

गोष्ट १९८५ च्या सुमाराची. घोड नदीवर डिंभे येथे धरणाचे काम चालू होते. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही पाण्याखाली जाणार हे ठरून गेले होते. मी शाखेतला शेतीकर्जाचा तरुण अधिकारी. सरकारची गोबर गॅस योजना जोरात होती. वरून उद्दिष्ट येई, मार्चअखेर ते पुरे करायचे असे. त्या शेतकऱ्याचे घर, गोठा, मागे उकिरडा असे सगळे पाहून मी प्रकरण तयार केले. त्याने सही करण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘‘साहेब, शेण टाकीला घातलं, तर राबाला काय घालू?’’

ज्यांना राब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या डोंगरपट्ट्यात भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून भाजतात. जमीन तापते, तणाचे बी मरते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने उठते. मी पत्रकात वाचलेले उत्तर दिले : टाकीतून बाहेर पडणारी मळी हे शेणापेक्षा चांगले खत असते. ते खोटे नव्हते. पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. शिवाय दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. मी कागदावर पाच जनावरे मोजली आणि हिशेब जुळवला. ती जनावरे दिवसभर रानात चरतात, त्यांचे दिवसाचे शेण रानातच पडते आणि गोठ्यात हाती लागते ते फक्त रात्रीचे, हे मी मोजले नाही. दीड-दोन वर्षांत गॅस बंद पडला. कर्ज त्याने फेडले, एकही हप्ता न चुकवता. चूक माझी होती आणि भरपाई त्याने केली.

मधल्या काळात धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. कुकडी प्रकल्पातले हे पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याकडे जाते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात जुन्या ओळखीच्या ओढीने त्या बाजूला गेलो. मंचर, घोडेगाव, डिंभे, पुढे भीमाशंकर हा रस्ता आता रुंद आणि गजबजलेला आहे. वाटेत एका गावाच्या हद्दीत (नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकेल) ओढ्याच्या काठाला कचऱ्याचा ढीग धुमसत होता. भाजीचे देठ, शिळे अन्न, लहान मुलांचे लंगोट, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या, देवाचे निर्माल्य, सगळे एकत्र. वारा पडला की धूर रस्त्यावर येई. गाडीच्या काचा वर करून सगळे पुढे जात होते. मीही गेलो, पण परतताना थांबलो.

उकिरडा आणि हा ढीग, दोन्ही कचऱ्याचेच. फरक कशात आहे? पहिला फरक असा की, उकिरड्याला मालक होता. घरातले काय त्यात पडते, ते कधी उपसायचे, कोणत्या शेतात टाकायचे, हे ठरलेले असे. वैशाखात तो रिकामा होई आणि पाट्या भरभरून डोक्यावरून शेतात जाई. या ढिगाला मालक नाही. ज्याने टाकले त्याचा तो नाही, ज्याच्या हद्दीत पडला त्याचाही नाही.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो वाऱ्याचा आहे. भाजीचे देठ, भात, साली यांचे विघटन करणारे जीवाणू दोन प्रकारचे. एकांना प्राणवायू लागतो, दुसऱ्यांना तो चालत नाही. हवा मिळाली तर पहिले कामाला लागतात; उष्णता निघते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते, मागे काळे भुसभुशीत खत राहते. हवा कोंडली तर दुसरे जागे होतात. ते सावकाश काम करतात, दुर्गंधी सोडतात आणि मिथेन तयार करतात. गोबर गॅसच्या टाकीत आपण हेच मुद्दाम घडवतो आणि तो मिथेन चुलीला जोडतो. कचऱ्याच्या खोल ढिगात तेच घडते; फक्त चूल नसते. वायू आकाशात जातो, नाहीतर आतल्या आत पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनारला लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रांत दिसला होता. देवनारला कचरा पडू लागला १९२७ साली. तेव्हापासूनच्या थरांची ती धग होती.

मिथेनविषयी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हा वायू वातावरणात सरासरी बारा वर्षांच्या आसपास टिकतो. तेवढ्या काळात तो जी उष्णता धरून ठेवतो ती प्रचंड असते : वीस वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट, आणि शंभर वर्षांचा धरला तरी पंचवीस-तीस पट. माणसाच्या उद्योगांतून जगभर जो मिथेन निघतो त्याचा अंदाजे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्याचा आहे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे अल्पमुदतीचे पण भयंकर व्याजाचे कर्ज आहे. त्यात आशेची बाजूही आहे : आज नवे कर्ज काढणे थांबवले, तर बारा-पंधरा वर्षांत खाते बरेचसे हलके होते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. ते खाते शतकानुशतके चालते.

मग पुरलेला कचरा लवकर कुजवावा, म्हणजे झाले, असे कुणी म्हणेल. इथेच गफलत होते. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथ्ये यांनी १९७३ पासून कचऱ्याचा अभ्यास चालवला, आणि १९८७ पासून मोठमोठ्या कचराभूमी चक्क खणून पाहिल्या. आत अनेक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे सापडली आणि ती वाचता येत होती. म्हणजे हा लेखही, पुरवणीसकट नीट दाबून पुरला, तर माझ्या नातवंडांना वाचता येईल. कोरड्या, दाबलेल्या, हवाबंद ढिगात कुजणे इतके संथ होते. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ढिगात पाणी फिरवून तो वेग वाढवतात. पण हवेविना कुजणे वेगाने झाले, तर मिथेनही वेगाने निघतो. तो नळ्यांनी ओढून वापरण्याची सोय असेल तरच त्याला अर्थ. नळ्या नसताना केवळ वेग वाढवणे म्हणजे थकबाकी एकाच वर्षात ओढून घेणे. तेव्हा आधी रस्ता हवेचा हवा. वेगाचा विचार त्यानंतर.

त्या रस्त्यावरचा वेग कसा वाढवायचा, हे मात्र आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच शोधले गेले आहे. होळकरांच्या इंदूरला १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या प्रमुखत्वाखाली शेतीसंशोधनाची संस्था उभी राहिली. तिथे रसायनशास्त्राची बाजू सांभाळत होते यशवंत वाड. या दोघांनी मिळून शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, वाडांचे आपल्यातही फारसे कुणाला ठाऊक नाही. पद्धत साधी : पाला, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग ठरावीक दिवसांनी तीन वेळा वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार. आपल्या उकिरड्याला वर्ष लागे, आणि तरीही ते अर्धे कच्चे असे.

कारण उकिरड्याचे गोडवे गाताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. तो खड्डा असे. पावसाळ्यात त्यात पाणी साचे, हवा कोंडे, माश्या होत, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी अन् तणाचे बी शेतात जाई. तळाच्या थरातून मिथेनही निघत असणारच. वाडांनी आणि हॉवर्ड यांनी उकिरड्याला जे दिले ते हवा आणि हिशेब. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी हलवण्याचे कष्टही वाचवले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची टाकी जमिनीवर बांधायची आणि भिंतीत मधून मधून विटांची जागा मोकळी सोडायची. त्या भोकांतून हवा आपोआप खेळते. काडीकचरा, शेणकाल्याचा शिडकावा, माती, पुन्हा काडीकचरा असे थर द्यायचे आणि वरून शेणामातीने लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत खत. शेण किती लागते? एका टाकीला शंभर किलोच्या आत. माझ्या त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. गॅसच्या टाकीला दोन दिवसांत जेवढे शेण लागले असते, तेवढ्यात त्याच्या शेताला तीन महिन्यांनी दोन-तीन टन खत मिळाले असते आणि राबाचे शेण राबाला उरले असते. मी त्याला ते सुचवू शकलो नाही, कारण माझ्या उद्दिष्टाच्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

ही शेतातली गोष्ट झाली. शहरातल्या सदनिकेत काय? निवृत्तीनंतर मी स्वतःवर प्रयोग केला. बाजारातून ‘कचरा झटपट कुजवणारी’ भुकटी आणली, बादलीत ओला कचरा भरला, भुकटी टाकली आणि वास येऊ नये म्हणून झाकण घट्ट लावले. सहाव्या दिवशी झाकण काढले तेव्हा शेजाऱ्यांचे दार बंद झाल्याचा आवाज आला. आत अळ्या आणि काळे पाणी. सौभाग्यवती दारात उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, हे खत आहे की लोणचं?’’ निदान अचूक होते. लोणचे टिकते ते हवा लागू देत नाही म्हणूनच; आणि मी हवा बंद करून कुजण्याची वाट पाहत होतो.

दुसऱ्या खेपेला बादलीला सगळीकडून भोके पाडली. आमच्या सोसायटीच्या आवारातला वाळका पाला रोज सकाळी झाडून पेटवला जाई. तो पोत्यात भरून मागून घेतला. ओल्या कचऱ्याचे एक भांडे, की त्यावर चुरलेल्या पाल्याचे दीड भांडे. भाजीपाल्यात नत्र जास्त आणि पाणी फार. वाळक्या पानांत कर्ब जास्त आणि पाणी नाही. जीवाणूंना नत्राच्या एका वाट्याला कर्बाचे पंचवीस-तीस वाटे लागतात. दोन्ही मिसळले की ताट पुरे होते. शिवाय पानांमुळे मधे पोकळी राहते आणि हवा फिरते. तुकडे बारीक केले तर काम लवकर होते. मूठभर मिश्रण पिळले की हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल पुरे. विरजण म्हणून आधीच्या खताची ओंजळ किंवा थोडा शेणकाला घातला की झाले. चार दिवसांनी एकदा उलथापालथ. अशा बादलीत सात-आठ आठवड्यांत कचरा ओळखू येईनासा होतो आणि तीन महिन्यांत मातीचा, पहिल्या पावसाचा वास येतो. मोठा ढीग असेल तर आतले तापमान पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत चढते. मधे लोखंडी पहार खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हाताला सोसवत नसेल, तर समजा काम नीट चालले आहे. त्या उष्णतेत तणाचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात.

भुकट्या आणि द्रावणे निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने वीस रुपयांच्या बाटलीत जीवाणूंचे विरजण उपलब्ध केले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी ते गुळाच्या पाण्यात वाढवून वापरले. पण विरजण कितीही उत्तम असले तरी ते नासलेल्या दुधाचे दही करीत नाही. हवा, ओल, पाला आणि वेगळेपणा हे चार जामीन असतील, तर विरजणाने वेग येतो.

या चारांत अवघड आहे तो वेगळेपणा. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे केंद्राचे २००० सालचे नियम सुचवत होते. २०१६ च्या नियमांनी ते बंधनकारक केले. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्था, यांतल्या कचरावेचक बायांनी हे काम दारोदार जाऊन केले. जिथे आपण वेगळे केले नाही, तिथे त्यांनी आपल्या हातांनी केले. आणि जे त्यांच्याही हातून सुटले, ते गेले उरुळी देवाची आणि फुरसुंगीला.

या दोन गावांची आठवण मला डिंभ्याच्या वाटेवर फार तीव्रतेने झाली. पुण्याचा कचरा कोथरूडला टाकणे बंद झाल्यावर, १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तो पूर्वेला या गावांच्या शिवारात जाऊ लागला. १६३ एकरांचा तो डेपो. विहिरींचे पाणी काळे झाले, माश्यांनी जेवणे मुश्कील केले, आगी लागत राहिल्या. २०१४ साली गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला आणि शहराला प्रथमच कळले की, आपला कचरा नाहीसा होत नसतो. तो कुणाच्या तरी दारात असतो. घोड नदीच्या खोऱ्यातल्या गावांनी दुसऱ्यांच्या पाण्यासाठी घरे सोडली. मुळा-मुठेच्या खालच्या अंगाच्या या गावांनी दुसऱ्यांच्या कचऱ्यासाठी विहिरी गमावल्या. धरणाखाली गेलेल्याला निदान विस्थापित म्हणतात. कचऱ्याखाली गेलेल्याला आपण काहीच म्हणत नाही.

आमच्या घरचा हिशेब मी वहीत लिहून ठेवतो, जुनी सवय. आम्हा दोघांचा ओला कचरा दिवसाला सरासरी अर्धा किलो. वर्षाला जवळजवळ एकशे ऐंशी किलो. त्याचे पस्तीस-चाळीस किलो खत होते. बाकीचे बहुतेक पाणी, ते वाफ होऊन जाते. म्हणजे आपण शहराबाहेर गाड्या भरभरून जे नेतो, त्यातले बरेचसे डिझेल जाळून वाहिलेले पाणी असते. प्रत्येक घराला हे जमेल असा माझा भ्रम नाही. आजारपण असते, जागा नसते, वेळ नसतो. शिजवलेले अन्न फार असेल, हॉटेल असेल, मंगल कार्यालय असेल, तर बायोगॅस संयंत्रच बरे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्र त्यासाठीच आहे. पण तिथेही अट तीच : काच आणि प्लॅस्टिक मिसळलेले चालत नाही, आणि रोजचे शेण असो की अन्न, ते प्रत्यक्ष किती मिळणार हे आधी खरेपणाने मोजावे लागते. हे मी अनुभवाने सांगतो.

त्या दिवशी परतताना मी वाडीत गेलो. म्हातारे बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या सुनेने ओळख सांगताच चहा टाकला. मी मागच्या अंगणात गेलो. गॅसच्या टाकीचा खड्डा अजून होता. माझ्या सहीचा खड्डा. त्यात वेफर्सची पाकिटे, बाटल्या, फाटक्या चपला. चार पावलांवर उकिरडा, आता जमिनीवर बांबूच्या कुडाने बांधलेला, चहूकडून मोकळा. त्यात प्लॅस्टिकचा कपटा नव्हता.

‘‘ताई, हे वेगळं ठेवायला कुणी शिकवलं?’’

‘‘शिकवायचं काय त्यात, काका?’’ ती म्हणाली. ‘‘खत भातखाचरात जातं. आवणीला आम्ही अनवाणी चिखलात उतरतो. काच असली तर पाय कुणाचा फाटायचा? आमचाच की.’’

दोन नियमावल्या आणि माझी हिशेबाची वही जे सांगू पाहत होती, ते तिने एका वाक्यात सांगितले. ज्याच्या पायाखाली खत येणार, तो काच वेगळी करतोच. शहरात आपण कचरा टाकतो त्या चिखलात आपले पाय नसतात.

निघताना मी ओढ्याकाठच्या ढिगाची चौकशी केली. खड्ड्यातले प्लॅस्टिक ती गाडीत देते. पण गाडीत सगळ्यांचे एकत्र होते आणि तिथेच जाऊन पडते, असे ती म्हणाली. ढीग अजून मोठा नाही. चार-पाच ट्रॅक्टर लागतील एवढा. आजूबाजूला पाला भरपूर आहे, शेण आहे, खत हवे असलेली खाचरे ओढ्याच्या पलीकडेच आहेत. ओला कचरा गावातच दोन-चार टाक्यांत गेला, तर ओढ्याकडे न्यायला फारसे काही उरणारही नाही.

‘‘किती दिवस झाले तो ढीग पडायला लागून?’’ मी विचारले.

‘‘झाली असतील तीनेक वर्षं,’’ ती म्हणाली.

म्हणीप्रमाणे अजून नऊ आहेत. उरुळी आणि फुरसुंगीचा ढीगही कधीतरी तीनच वर्षांचा होता.